पाचव्या चाकाची जागा

चाकाचा व्यास वाढला की घरातल्या माणसांचा आवाजही त्याच प्रमाणात वाढतो, असा नियम भौतिकशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नाही. एम.एस्सी.पर्यंतची बरीच पुस्तकं मी वाचलेली आहेत, त्यामुळे हे खात्रीने सांगू शकते. पण आमच्या जुन्या जीपला मोठे टायर बसवले आणि हा नियम मला स्वतःच्या घरात सकाळ-संध्याकाळ तपासायला मिळाला.

मोठेच टायर का घेतले, हे विचारू नका. जुने गुळगुळीत झाले होते, त्या मापाचे नवे मिळेनात, आणि आण्णांना कुणीतरी पटवलं की काळ्या रानातल्या वाटेला असले उंच, जाड गोट्यांच्या नक्षीचेच टायर लागतात. आण्णा म्हणजे माझे वडील, शहाजीराव. पाच टायरचा संच मिळाला. चार खाली बसले. जीप वीतभर उंच झाली, आईला चढायला स्टूल लागू लागलं, आणि पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी उभी राहिली. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिच्याकडे बघायचा, मग आमच्याकडे, आणि मग पाणी मागायचा.

जुन्या स्टेपनीचा प्रश्न कधी पडलाच नव्हता. ती जीपच्या आत, मागच्या दोन समोरासमोरच्या बाकांच्या मधे आडवी पडलेली असायची. माझं सगळं लहानपण त्या चाकावर बसून गेलं. बाकावर मोठी माणसं, मधल्या चाकावर मी आणि माझ्या मांडीत आत्याने दिलेली शेंगांची पिशवी. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मला माझ्या आईवडिलांच्या आधी कळायचा. नवी स्टेपनी मात्र त्या जागेत आडवी मावेना. तिरपी ठेवली तर दोन्ही बाक अडवून बसायची, एखाद्या मानापमानवाल्या व्याह्यासारखी.

आणि नेमकी तीच जागा या वेळी मोकळी हवी होती.

गोजरबाई माझी आत्या, आण्णांची थोरली बहीण. माढ्याच्या पुढे एका वस्तीवर एकटी राहते. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून ती गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला आली नव्हती. त्याआधी दर संक्रांतीला यायचीच. सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता पडल्या की होम मैदानावर आम्हाला दोन्ही हातांना धरून फिरवायची, आणि पाळण्यात बसल्यावर माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायची. मग तिचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण पाय वाकायचा राहिला तो राहिलाच. एसटीच्या सीटमधे सरळ पाय मावत नाही. बंद मोटारीत तिला उलटी होते; तिच्या भाषेत मोटार म्हणजे ‘डबडं’. दर वर्षी आण्णा फोन करायचे, दर वर्षी ती ‘पुढच्या साली बगू’ म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर आण्णा उगाच अंगणातल्या कुंड्या इकडच्या तिकडे करायचे.

यंदा ती म्हणाली, “जीप घिऊन ये. मागच्या बाकावर बसती, पाय समोरच्या बाकावर टाकती. येती मी.”

एवढं म्हटल्यावर आण्णांना गाडीच काय, रस्ताही नवा करावासा वाटला असता. पण आत्याचा पाय जायचा तो दोन बाकांच्या मधूनच, आणि तिथे स्टेपनी. अक्षतांच्या आधी स्टेपनी बाहेर जायला हवी होती, नाहीतर आत्याची ‘पुढची साल’ पुन्हा पुढे.

स्टेपनी घरी ठेवून जाऊ, असं मी एकदाच सुचवलं. आण्णांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी दहावीत गणितात नापास झाले असते तर तीच नजर मिळाली असती. यालाही कारण होतं. मी लहान असताना आत्याच्या वस्तीवरून परतताना जीप पंक्चर झाली होती, आणि आतली स्टेपनीही बसलेली निघाली. अख्खी दुपार आम्ही एका चिंचेखाली काढली. आण्णा टायर खांद्यावर घेऊन पुढच्या गावाला गेले, आईने आत्याने बांधून दिलेल्या भाकरी सोडल्या, शेंगाचटणी आणि कांदा, आणि मी चिंचा गोळा केल्या. माझ्या आठवणीत तो लहानपणातला सगळ्यात सुंदर दिवस आहे. आण्णांच्या आठवणीत तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अपमान आहे. त्यानंतर ते स्टेपनीशिवाय पेट्रोल भरायलाही गेलेले नाहीत.

तेव्हा स्टेपनी मागच्या दारावर, बाहेरून टांगायची, असं ठरलं. जीपला मागे अर्ध्या उंचीचं एक दार आहे, बाजूला उघडणारं. चौकट, पट्टी, तीन बोल्ट, झालं. कामाला एक दुपार पुरेल, असं मीच म्हणाले होते. हे वाक्य आई अजून मधूनमधून माझ्या आवाजात म्हणून दाखवते.

मी चिंचोळीत एका टॉवेल कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. धागा किती ओढल्यावर तुटतो, हे मोजणं माझं काम. त्यामुळे बिजागरी किती ओझ्याने तुटेल, हा प्रश्न मला घरचाच वाटला. भंगारवाल्याच्या काट्यावर मी स्टेपनीचं वजन केलं. दाराची रुंदी मोजली, बिजागऱ्यांतलं अंतर मोजलं, खड्ड्यात बसणाऱ्या हिसक्यासाठी ओझं दुप्पट धरलं, आणि हिशेबाअंती बिजागऱ्या सहज तग धरतील असं निघालं. कागद मी आण्णांपुढे ठेवला. त्यांनी तो उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले की अक्षर सुधारलंय.

आता शेजाऱ्यांबद्दल. आमच्या सोसायटीत सल्ला हा पाण्यासारखा आहे. फरक एवढाच की तो रोज येतो. कुणी म्हणालं, चाक छतावर टाका. कुणी म्हणालं, बॉनेटवर टाका, लष्करात तसंच असतं. यात सगळ्यात मनापासून लक्ष घातलं ते समोरच्या घरातल्या जोतिरामकाकांनी. साखर कारखान्याच्या ऊस विभागातून निवृत्त झालेले, मोहोळकडे स्वतःचं थोडं रान. काका कुठल्याही वस्तूकडे ती उसात चालेल का याच दृष्टीने बघतात. स्टेपनीत हवा कमी आहे हे त्यांनी अंगठ्याने दाबून ओळखलं, आणि तसंही रानात जायचंच आहे तर आपल्या पिकअपमधून चाक नेऊन हवा भरून आणतो म्हणाले. असला शेजार नशिबाने मिळतो, असं आण्णा म्हणाले. मीही म्हणाले. ते वाक्य मागे घ्यायची माझी अजूनही तयारी नाही, फक्त त्याला एक तळटीप जोडावी लागेल.

काकांनी चाक परस्पर चांदसाबच्या वर्कशॉपला पोचवलं. होटगी रस्त्याला चांदसाबचं वेल्डिंगचं काम आहे. आण्णांची आणि त्यांची दोस्ती जीपइतकीच जुनी. दोघे एकमेकांना कधीही वेळेवर काहीही देत नाहीत आणि त्याबद्दल बोलतही नाहीत. चांदसाबचा स्वभाव असा की कामाचं स्वरूप ऐकायच्या आधीच ‘हो जाता’ म्हणायचं. त्यांच्या माणसांनी चाक दारावर चढवताना ते फार जड असल्याची तक्रार केली. मी शांतपणे खिशातला कागद काढून आकडा दाखवला. विज्ञानापुढे माणसं गप्प होतात. ती झाली.

परतताना पहिल्याच गतिरोधकावर वरची बिजागरी गेली. तुटल्याचा आवाज आला तो आधी मला माझ्याच आत आल्यासारखा वाटला. दार एका कुशीवर कललं, चाक रस्त्याला टेकलं आणि जीप मागून कुणीतरी पदर धरल्यासारखी थांबली. समोर चहाचं हॉटेल. आतली सगळी बाकडी रिकामी झाली.

सोलापुरात गाडी बंद पडली तर मदत मागावी लागत नाही, ती आपोआप जमते आणि तिला आवरावं लागतं. एक म्हणाला, बिजागरी डुप्लिकेट असणार. दुसरा म्हणाला, दारात गंज हाय. तिसऱ्याने मला विचारलं, हे कुणी ठरवलं होतं. आण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, “आमचं दोघांचं ठरलं होतं.” हिशेबात चूक असती तर मी तिथेच कबूल केली असती. पण चूक सापडत नव्हती. फुटपाथवर उकिडवी बसून मी तो कागद पुन्हा तपासला. गुणाकार बरोबर, भागाकार बरोबर, दुप्पट धरलेलं बरोबर. सगळं बरोबर असून दार रस्त्यावर पडलेलं. शास्त्राच्या माणसाला याहून एकटं वाटणारी जागा नाही.

चांदसाब मोटारसायकलवरून आले. चाक सरळ उभं करायला त्यांनी ते थोडं फिरवलं, आणि चाकातून आवाज आला. डुबुक. सगळे थांबले. त्यांनी परत फिरवलं. परत डुबुक. रांजण हलवल्यासारखा. चांदसाबनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्यांनी व्हॉल्व खाली आणून त्यातली पिन दाबली. मी निरीक्षणासाठी जरा जास्तच जवळ वाकले होते. गार पाण्याची चिळकांडी थेट माझ्या तोंडावर, चष्म्यावर आणि हातातल्या हिशेबावर.

“पानी?” चांदसाब म्हणाले. “इसमें तो पानी भरेला है.”

त्याचा उलगडा संध्याकाळी झाला. आमच्याकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांत पाणी भरतात. ओझ्याची ट्रॉली ओढताना टायर जागेवर फिरू नयेत, जमिनीला दाब बसावा म्हणून. काकांनी चाक नेलं ते मोहोळजवळच्या टायरवाल्याकडे, आणि तिथे त्या आठवड्यात सकाळपासून रात्रीपर्यंत ट्रॅक्टरच लागलेले. त्याने गोटे बघितले आणि पाण्याची नळी लावली. काका शेजारीच उभे होते. त्यांनी नुसतं पाहिलं नाही, तर अर्ध्यावर थांबलेल्या माणसाला पाऊण भर म्हणून सांगितलं.

मी त्यांना विचारायला गेले तेव्हा ते जेवत होते. अपराधाचा मागमूस नाही. “अगं वैजू, येवढं गोट्यांचं टायर. पाणी न्हाय भरलं तर गाडी उडती की.” मी म्हणाले, काका, ते चाक जमिनीला लागणारच नाही, ते दारावर टांगायचंय. यावर त्यांनी घास थांबवून विचार केला आणि म्हणाले, मग दार तरी उडणार न्हाय. काकूंनी मला भाकरी वाढली. मी खाल्ली. करणार काय?

पाणी काढलं, दार नीट केलं, पण चांदसाबचा आता बिजागरी या वस्तूवरचाच विश्वास उडाला होता. माझं म्हणणं होतं की मूळ हिशेब आता लागू पडेल. माझं म्हणणं ओल्या कागदावर होतं. चांदसाबनी हात झटकले. दाराला अब हात नक्को, बोले, चासीच्या दांडीतून जाड लोखंडी चॅनेलचा सांगाडा उभा करतो, दाराच्या मागे, चार बोल्टांवर. त्यावर हत्ती टांगला तरी हलणार नाही. हत्ती टांगायचा नव्हता, पण दाराला पुन्हा काही होणार नाही या कल्पनेने आण्णा इतके सुखावले की त्यांनी लगेच होकार दिला. तसाच मीही दिला. सांगाडा सुरेख झाला. त्याला काळा रंग दिला. चाक त्यावर चढलं तेव्हा जीप मागून एखाद्या लढाईवर निघाल्यासारखी दिसत होती. आम्ही चौघांनी धरून सांगाडा हलवला. जीप हलली, सांगाडा नाही. माझ्या तपासणीच्या यादीत होतं ते सगळं मी तपासलं: वजन, हादरा, बोल्टांचा पीळ.

यादीत काय नव्हतं, ते पुढे येईलच.

विजापूर नाक्याच्या पुढे वाहतूक पोलिसाने थांबवलं. तो गाडीच्या मागे गेला आणि बराच वेळ आलाच नाही. शेवटी आण्णा खाली उतरले. पोलीस चाकाकडे कौतुकाने बघत उभा होता. नंबरप्लेट कुठाय, असं त्याने विचारलं. नंबरप्लेट चाकाच्या मागे होती. लाल दिवा कुठाय? तोही चाकाच्या मागे होता. आण्णा म्हणाले, दोन्ही आहेत साहेब, फक्त दिसत नाहीत. पोलीस म्हणाला, मग मीपण तुमचं लायसन आहे असं समजू का, न बघताच? माणूस चांगला होता. प्लेट आणि दिवा चाकावर घ्या म्हणाला, आणि जाता जाता, असली जोडणी चालते का ते एकदा कार्यालयात विचारून ठेवा, असंही म्हणाला.

ते कार्यालय कोणतं, हे मी लिहीत नाही. मी रजा काढून गेले. पहिल्या खिडकीवर विचारलं की मागे टांगलेलं चाक चालतं का. त्यांनी विचारलं, चाक म्हणजे गाडीचा भाग का सामान? गाडीचा भाग असेल तर बदलाची नोंद लागेल, पलीकडे जा. पलीकडच्यांनी विचारलं, चाक फिरतं का? मी म्हणाले, सध्या नाही, पण वेळ आली तर फिरेल. ते म्हणाले, न फिरणारं चाक म्हणजे सामान, आणि सामान बाहेर किती आलंय ते पहिल्या खिडकीवर विचारा. पहिली खिडकी तोवर जेवायला गेली होती. मी बाकावर बसून, चाकाचं चाकपण हे त्याच्या फिरण्यात आहे की फिरू शकण्यात, यावर विचार केला. विषय वाटतो तितका सोपा नाही. शेवटी एका वयस्कर बाईंनी फायलीतून मान वर न काढता सांगितलं की प्लेट दिसली, दिवा दिसला, की कोण विचारत नाही बाई, घरी जा.

घरी सोसायटीची सूचना लागली होती. आमच्या ‘वाहनाचा पाठीमागील अवयव’ पांढऱ्या रेघेच्या बाहेर सामायिक जागेत आला असून तो आत घ्यावा. अवयव आत घेणं शक्य नव्हतं. मग जीप नाकाने भिंतीला टेकेपर्यंत पुढे घेतली, त्यासाठी आईची तुळस हलवली, तुळस हलवल्यामुळे नळ अडला, आणि आई तिच्या माहेरच्या, अक्कलकोटकडच्या कानडीत काहीतरी बोलली. त्यातलं शेवटचं ‘साकु’, म्हणजे पुरे, एवढंच मला समजलं. बाकीचं आण्णांना समजलं असावं, कारण ते लगेच फिरायला गेले.

तरी प्लेट चाकाच्या मधोमध लागली, दिवा लागला, आणि अक्षतांच्या आदल्या दिवशी सकाळी आण्णा, आई आणि मी आत्याला आणायला निघालो, तिघंही पुढेच दाटीने बसून. आण्णांनी नवा शर्ट घातला होता. मागचे दोन्ही बाक मोकळे, मधली जागा मोकळी. आईने तिथे गोधडी अंथरली होती आणि पायाखाली घ्यायला लोड ठेवला होता, पुढच्या सीटवरून वाकून.

पुढच्या सीटवरून वाकून. त्याच क्षणी माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी शास्त्राची विद्यार्थिनी. पण मी त्या वेळी, मोहोळपर्यंत सांगाडा किती कमी थरथरतोय, याकडे कौतुकाने बघत होते.

माढा मागे टाकून वस्तीच्या वाटेला लागलो. बोरी, बाभळी, उसाचे फड, कॅनॉलचा कठडा. कठड्यावर बसून आत्याने मला पोहायला ढकलल्याचं मी आईला आजवर सांगितलेलं नाही. मोठ्या टायरांनी ती वाट न अडता पार केली, आणि आण्णा पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

आत्या ओट्यावर तयारच बसली होती. इरकली लुगडं, नाकात नथ नाही पण कपाळावर मोठं कुंकू. मामा गेल्यावर ते तिने पुसलं नाही, आणि कुणाची विचारायची हिंमत झाली नाही. मागे गाठोडं, शेजारी काठी. वस्तीवरची आठ-दहा माणसं निरोपाला जमलेली. तिने जीप आधी डोळे भरून पाहिली. मग चाकाकडे बघून म्हणाली, “ह्ये काय गं, गणपती बसीवलाय का मागं?” सगळे हसले. आण्णांनी तिला हाताला धरून मागे आणलं. मी दार उघडायला पुढे झाले.

दार उघडलं नाही.

दाराच्या मागे, बरोबर चार बोटांवर, काळा रंग दिलेला, हत्तीनेही न हलणारा सांगाडा होता, आणि त्यावर चाक. दार चार बोटं उघडलं आणि सांगाड्याला टेकून थांबलं. मी पुन्हा ओढलं. ज्या आत्याला आत बसवण्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिने आत जायचं कुठून, याचा विचार आण्णांनी, मी, चांदसाबनी, जोतिरामकाकांनी, पोलिसाने आणि त्या दोन्ही खिडक्यांनी मिळून केलेला नव्हता. वर्कशॉपमधे आमच्यातलं कुणी मागच्या बाकावर बसलंच नव्हतं.

पुढून चढवायचा प्रयत्न झाला. जीप वीतभर उंच, आत्याचा पाय काठीसारखा सरळ. दोन सीटच्या फटीतून तो पाय मागे जाईना. दोघांनी उचलून वरून घालू म्हटलं. “मी काय उसाची मोळी हाय व्हय?” आत्या म्हणाली, पण या वेळी हसली नाही. ती परत ओट्यावर जाऊन बसली. गाठोडं तिने मांडीवर घेतलं. “ऱ्हाऊ दे शहाजी. पुढच्या साली बगू.”

हे ऐकल्यावर आण्णांनी सीटखालून पाना काढला. चाक सोडून उपयोग नव्हता. दार सांगाड्याला अडत होतं. सांगाडाच चासीपासून सोडायला हवा होता. दोन बोल्ट निघाले. उरलेले दोन चांदसाबनी दोस्तीखातर इतके आवळले होते की पाना वाकायला आला. वस्तीवरच्या सगळ्यांनी आळीपाळीने जोर लावला. इथे मात्र मी शेजारच्या विहिरीवरून पाण्याच्या मोटारीचा एक लोखंडी पाइप आणला, पान्याच्या दांड्यावर चढवला, आणि लांबच्या टोकाला एका हाताने दाबलं. बोल्ट कुरकुरला आणि फिरला. त्या दिवसातला माझा मान एवढाच. तरफेचा नियम दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे; त्यात माझं काही नाही, पण मी तो लगेच सोडून दिला असंही नाही.

सांगाडा चाकासकट सुटला आणि अंगणात आपल्या दोन पायांवर उभा राहिला. दार सताड उघडलं. आत्या स्टुलावरून चढली, बाकावर बसली, पाय समोरच्या बाकावर टाकला, लोड खाली सरकवला. जागा तंतोतंत होती. पण आण्णा खालीच. ते एकदा चाकाकडे बघत होते, एकदा गाडीच्या आत. चाक आत घेतलं तर पाय मावत नाही. बाहेर लावलं तर, म्हणजे ती आत बसल्यावर परत लावता आलं असतं, पण मग सोलापूरला उतरताना पुन्हा हाच खेळ. घरासमोर, सोसायटीपुढे. आण्णा हिशेब करत उभे राहिले. वाटेत काय, खडी कुठे, बाभळीचे काटे कुठे, टायरवाला कुठे. मला त्यांचा चेहरा वाचता येत होता. त्यावर ती चिंचेखालची दुपार होती.

आत्याने आतून विचारलं, “शहाजी, चाक न्यायला आलाईस का मला?”

आण्णांनी पाना खाली ठेवला. चाकाच्या मधोमध लावलेली नंबरप्लेट आणि दिवा तेवढा सोडवला, आणि आत्याच्या जुन्या लुगड्याच्या काठाने दोन्ही दाराला बांधली, चांगली निरगाठ मारून. मग ते गाडीत बसले आणि चिंचेखालच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदाच स्टेपनीशिवाय लांबच्या वाटेला निघाले.

परतीच्या वाटेवर आण्णांनी जीप अशी चालवली की एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं. त्यांचं लक्ष प्रत्येक काट्यावर होतं. मागे आत्याचं लक्ष प्रत्येक झाडावर होतं. हे कुणाचं, ते कधी तोडलं, इथे आपण कधी काय खाल्लं. पंक्चर झालं नाही. मी मनातल्या मनात थोडी हिरमुसले, हे मान्य करते.

दुसऱ्या दिवशी आत्याने तळ्याकाठच्या गर्दीच्या कडेला उभं राहून अक्षता टाकल्या, एक हात माझ्या खांद्यावर, एक काठीवर. नंतर होम मैदानावर ती पाळण्याखाली पुष्कळ वेळ खुर्चीवर बसली आणि वर ओरडणाऱ्या अनोळखी पोरींना खालून साथ देत राहिली. आण्णा शेंगा सोलून तिच्या हातावर ठेवत होते. मला वाटतं बोलायचं होतं ते त्या शेंगांतच चाललं होतं.

जत्रा संपल्यावर तिला पोचवायला गेलो. सांगाडा अंगणात तसाच उभा होता. बोल्ट आण्णांनी पिशवीतून आणले होते. पण चाकाच्या आडोशाला एक कोंबडी अंड्यांवर खुडूक बसलेली, आणि वरच्या चॅनेलवर आत्याच्या शेजारणीने वाळवण टाकलेलं. आण्णा कोंबडीकडे बघत थांबले. आत्या म्हणाली, “असू दे हितंच. पिल्लं निघाल्यावर ने. तुझं कायतरी हितं असलं की येतोस तरी.”

पिल्लं निघाली. मग पाऊस आला, मग वाट खराब होती, मग आत्या म्हणाली की सांगाड्याला दोडक्याचा वेल चढलाय, तो निघेपर्यंत राहू दे. आण्णांनी यातली एकही सबब खोडून काढली नाही. महिना-दोन महिन्यांनी एखाद्या सकाळी ते शर्ट बदलून जीपची किल्ली घेतात. आई आतून विचारते, कुठं निघालात. “स्टेपनी आणायला,” आण्णा म्हणतात, आणि दोडका आणायला पिशवी मागतात. पाना खुंटीवरच राहतो.